नदी आधी की बर्फ आधी

पुस्तक पुरतं उसवलंय, हे घरात फक्त धाकटीला माहीत होतं. थोरल्या दिरांनी सांगितलं होतं ते एवढंच, की वाचक जमायच्या आधी त्याची पाठ तेवढी चिकटवून ठेव, बाकी हात लावू नकोस. पण पाठ उचलली तर आतला दोरा कुजलेला. तो जरा ओढला तर सबंध हातात आला आणि मग एकेक फर्मा सुटत गेला. फर्मा म्हणजे घडी घालून एकात एक बसवलेल्या पानांची जुडी. अशा जुड्या ओळीने शिवल्या की पुस्तक होतं. या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तिला बांधणीतली पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की फर्मे वाचून जुळवल्याशिवाय सुई हातात धरायची नाही.

तिने वाचून जुळवले, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

धुकं सकाळपासून हललं नव्हतं. खिडकीबाहेरचा रस्ता कुणीतरी पुसून टाकल्यासारखा दिसत होता, आणि त्यातून एखादा माणूस अचानक उगवायचा, दोन पावलं चालायचा आणि विरून जायचा. पुढच्या खोलीत, अण्णांच्या वाचनालयात, भर दुपारी दिवे लागले होते. थोरला खुर्च्या मांडत होता आणि त्याची बायको मागून त्या पुन्हा नीट करत होती. धाकटीचा नवरा बोटीवर होता, कुठल्या समुद्रात ते त्याच्या कंपनीलाच ठाऊक. असता तरी तो 'तुला योग्य वाटेल ते कर' एवढंच म्हणाला असता, तेव्हा त्याच्या नसण्याने फारसं काही अडलं नव्हतं.

घरात त्या पुस्तकाला कुणी नावाने ओळखत नसे. 'गाड्यांचं पुस्तक' म्हटलं की झालं. अमेरिकेतल्या अफाट माळावरून बैलगाड्यांचा एक तांडा पश्चिमेकडे निघतो, पुढे एक म्हातारा वाटाड्या चालतो, आणि महिनोन्‌महिने गवत, वारा आणि आभाळ याखेरीज काही दिसत नाही. दर हिवाळ्यात अण्णा ते पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायचे आणि अर्धी गल्ली ऐकायला यायची. गाड्यांतली माणसं जणू मागच्याच बोळात राहतात अशा थाटात लोक त्यांच्याविषयी बोलायचे. अमकीने पाण्याचं पिंप उघडं टाकायला नको होतं, तमका पहिल्यापासूनच आतल्या गाठीचा, वगैरे.

आणि सगळ्यांचा जीव अडकला होता तो पुस्तकाच्या मध्यावर. डोंगरात बर्फ पडतं, वाटाड्याला शेकोटी पेटवता येत नाही, तो आडवा होतो. मग ते वाक्य येतं: 'बर्फावर डोकं टेकून त्याने डोळे मिटले ते थेट नदीचं पाणी पायाला लागल्यावर उघडले.' पुढे नदी असते, ऊन असतं, आणि वाटाड्या गुडघाभर पाण्यात उभा असतो. कुठे होतास, असं त्याला कुणी विचारत नाही. पुढच्या गाडीचा गाडीवान दोर त्याच्या हातात देतो आणि तांडा नदी ओलांडायला लागतो. त्यापुढे वाटाड्याचं नाव निघत नाही, पण नदीपार नेलं की त्याचं काम संपलं, असंच सगळे धरून चालत. हे वाक्य गल्लीत कितीतरी जणांना तोंडपाठ होतं. मास्तरांनी तर नोकरीत असताना शाळेत ते रसग्रहणाला घातलं होतं.

धाकटीला आज सकाळी कळलं, की हे वाक्य लेखकाने लिहिलेलंच नाही. त्याचा पहिला अर्धा भाग एका फर्म्याची शेवटची ओळ होता आणि दुसरा अर्धा दुसऱ्या फर्म्याची पहिली. हे दोन फर्मे उलटे शिवले गेले होते. नदी आधी होती, बर्फ नंतर. पाणी पायाला लागल्यावर जे डोळे उघडत होते, ते गाडीत झोपलेल्या मुलांचे. आणि वाटाड्याचं खरं वाक्य असं होतं: 'बर्फावर डोकं टेकून त्याने डोळे मिटले ते पुन्हा उघडले नाहीत.'

फार पूर्वी अण्णांनी ते पुस्तक नव्याने बांधलं तेव्हा कडा जरा जास्तच कापल्या होत्या आणि त्यात पानांचे आकडे गेले होते. त्यामुळे कुणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं. सबंध आयुष्यात ज्या माणसाच्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नाही, त्याने एकच चूक केली आणि नेमकी तीच सगळ्यांच्या काळजात जाऊन बसली. धाकटीला आधी हसू फुटलं. मग आईंची, म्हणजे सासूबाईंची, आठवण झाली आणि ते ओठांवरच विरलं.

मागच्या हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांना डोळ्यांनी आता अंधूकच दिसायचं, पण डोकं लख्ख होतं. म्हणून त्या पहिल्यांदा "ते आले की विचारू" म्हणाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, चुकून बोलल्या असतील. पण त्या तसंच बोलत राहिल्या. अण्णा बाहेर गेलेत, उशीर होतोय, एवढंच. थोरल्याने एकदा धीर करून समजवायला घेतलं, तर म्हणाल्या, "वाटाड्याला तरी कुणी विचारलं का रे, कुठे होतास म्हणून? आला, दोर हातात घेतला." घराने त्या दिवसापासून तो विषय काढणं सोडून दिलं.

आता टेबलावर फडक्याखाली सगळे फर्मे सुटे पडले होते, आणि ते कुठल्या ओळीने शिवायचे हे ठरवायचं धाकटीवर आलं होतं. होते तसे शिवले तर अण्णांनी शिकवलेल्या पहिल्याच गोष्टीला हरताळ फासायचा. बरोबर शिवले तर आईंची वाट आपल्या हाताने बंद करायची. तिने दोऱ्याला मेण लावून ठेवलं होतं. सुईत ओवायचा मात्र तिला धीर होत नव्हता.

वाचक एकेक करून धुक्यातून आत आले आणि कोट झटकत बसले. अण्णांच्या जागी बसून वाचायला यंदा कुणी तयार नव्हतं, म्हणून थोरल्याने तोड काढली होती, की वाचन नको, प्रत्येकाने पुस्तकाबद्दल आपलं मत सांगावं. आई खिडकीजवळच्या खुर्चीत मांडीवर शाल घेऊन बसल्या होत्या. अण्णांची लेक, जिला सगळे शेंडेफळ म्हणत, तिच्यासोबत तिचा होणारा नवरा आला होता. तो पूल बांधणारा इंजिनियर. थोरल्याला तो मुळीच पसंत नव्हता, का ते थोरल्यालाही सांगता आलं नसतं.

सुरुवात मास्तरांनी केली. त्यांना कुणी सांगायची गरज नसते.

"नदीचा भाग संपतो आणि पुढचं पान उघडावं तर वर तीनच शब्द. 'पुन्हा उघडले नाहीत.' काय उघडले नाहीत? गाड्यांचे पडदे? की नशिबाचे दरवाजे? लेखक सांगत नाही. ते त्याने आपल्यावर सोडलंय. हा संयम आजकालच्या लेखकांत उरला नाही."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या धाकटीने कपबश्यांचा ट्रे घट्ट धरला.

"संयम कसला, मास्तर," शिंपी म्हणाला. त्याचं दुकान पलीकडच्या कोपऱ्यावर, आणि मापाची टेप तो झोपतानाच काय ती गळ्यातून काढत असावा. "मला पुस्तक आवडतं, पण एक भाग त्याने झोपेत लिहिलाय. इतका जाणता वाटाड्या, आयुष्य माळावर गेलं, आणि त्याला एक काडी पेटवता येत नाही? घासतो, घासतो, विझते. का? काही कारण नको?"

"तुला प्रत्येक गोष्टीला अस्तर लागतं."

"लागतंच. अस्तराशिवाय कपडा टिकत नाही."

सगळे हसले. नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. त्या ड्यूटी संपवून सरळ इकडे आल्या होत्या आणि पाय मोकळे करून बसल्या होत्या. "मला राग कशाचा येतो सांगू? त्या माळावर आधीपासून माणसं राहत होती. सबंध पुस्तकात ती लांब टेकडीवर उभी दिसतात, बस. त्यांच्या जमिनीवरून या गाड्या निघाल्यात, त्यांना कुणी विचारलं? त्यांच्यातल्या एकाच्या घरात तरी हा लेखक डोकावला?"

"आणि तरी दर हिवाळ्यात पहिल्या रांगेत कोण असतं?" शिंपी म्हणाला.

"मीच असते. आवडतं म्हणून तर राग येतो. नावडत्या पुस्तकावर कोण जीव जाळत बसेल?"

थोरलीला कुणी विचारलं नव्हतं, पण ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बोलली. "मला शेवटच्या गाडीतली बाई आवडते. सगळ्या तांड्याचा स्वयंपाक करणारी. एवढ्या प्रवासात तिला एकदासुद्धा कुणी 'बस जरा' म्हणत नाही." हे म्हणताना तिने नवऱ्याकडे पाहिलं. थोरल्याने छताकडे पाहिलं.

मग शेंडेफळाने कोपराने ढोसलं म्हणून इंजिनियर बोलायला लागला. बिचारा मनापासून बोलत होता. "मी लहानपणी वाचलं होतं. आमच्या शाळेत होतं हे पुस्तक. नदीचा भाग वाचूनच मला पूल बांधावेसे वाटायला लागले. आणि त्यानंतर तो बर्फात जातो, तेव्हा तर मी जेवलोच नव्हतो. आईने पुस्तक लपवून ठेवलं होतं."

"त्यानंतर?" मास्तर म्हणाले.

"नदीनंतर."

"बर्फानंतर नदी."

"नाही," इंजिनियर नम्रपणे म्हणाला. "नदी ओलांडल्याशिवाय ते डोंगराला लागणार कसे? आधी नदी. मग बर्फ. मग तो जातो."

"जातो आणि परत येतो," थोरला म्हणाला.

"परत कुठला येतो? मरतो ना तो."

शेंडेफळाने त्याचा हात धरला, पण बोलून गेलेलं काही धरता येत नाही. कुणीही आईंकडे पाहिलं नाही, इतकं ठरवून, की ते त्यांच्या अधू डोळ्यांनाही कळलं असावं.

"तुम्ही भलतंच पुस्तक वाचलं असेल," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजाला धार आली होती. "हे अण्णांनी स्वतः बांधलेलं आहे. धाकटे, ते पुस्तक आण. इथेच निकाल लावू."

धाकटी आत गेली आणि फडक्यासमोर नुसतीच उभी राहिली. तिच्या पाठोपाठ थोरली आली, तिने फडकं उचलून पाहिलं आणि परत तसंच टाकलं.

"अगं बाई. हे काय करून बसलीस?"

धाकटीने सांगितलं. दोन फर्मे उचलून, त्यांची टोकं एकमेकांना लावून दाखवली. थोरलीने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि स्टुलावर बसली. दोघी जावांचं एरवी फारसं सख्य नव्हतं. थोरलीला वाटायचं की अण्णांनी धाकटीला बांधणी शिकवून डोक्यावर चढवून ठेवलंय.

"शिवून टाक," ती हळू आवाजात म्हणाली. "होतं तसं. आत्ता. मी चहाला उशीर लावते."

"एवढ्यात होणार नाही, ताई."

"मग सांग, खळ वाळतेय, उद्या दाखवते. आईंचं काय होईल याचा विचार कर. आणि ह्यांचं. अण्णांनी चूक केली हे ऐकून घेतील ते?"

"ताई, अण्णांनीच शिकवलंय मला, वाचून जुळवल्याशिवाय शिवायचं नाही. न कळता उलटं शिवलं तर ती चूक. आता कळल्यावर मी तसंच शिवलं तर त्याला काय म्हणायचं?" तिने फर्म्यांच्या कडा सारख्या केल्या. "त्यांना फसवल्यासारखं होईल ते. आणि आईंनाही. फक्त मला सांगायचा धीर नाही."

थोरलीने ते दोन फर्मे एकावर एक नीट ठेवले. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल. मी तुझ्याबरोबर येते. ओरडले तर दोघींवर ओरडतील, निम्मं निम्मं होईल."

त्यांनी सुटं पुस्तक एका पुठ्ठ्यावर ठेवून बाहेर आणलं. थोरल्याने ते पाहिलं आणि तो उठूनच उभा राहिला. "मी काय सांगितलं होतं तुला? पाठ चिकटव म्हटलं होतं."

"आतला दोरा गेला होता, भाऊजी," धाकटी म्हणाली, आणि मग न थांबता बाकीचंही सांगून टाकलं. कुठला फर्मा कुठे होता, आकडे का दिसत नव्हते, ते वाक्य कसं तयार झालं. ती जमिनीकडे बघत बोलत होती.

मास्तरांनी चष्मा काढला. "म्हणजे 'पुन्हा उघडले नाहीत' हे..."

"डोळे, मास्तर."

"मी त्यावर अर्धा अर्धा तास बोललोय हो," मास्तर म्हणाले. त्यांची चेष्टा करायला शिंपीसुद्धा धजावला नाही.

"शक्य नाही," थोरला म्हणाला. "अण्णांच्या हातून असं होणं शक्यच नाही. उसवताना हिनेच वरखाली केलं असेल, आणि आता ते मेलेल्या माणसावर..." तो तिथेच अडखळला. अण्णांसाठी तो शब्द या खोलीत आजवर कुणी उच्चारला नव्हता.

"अहो, बास," थोरली म्हणाली. "तिने वरखाली केलं असतं तर तुम्ही लहानपणापासून जे ऐकत आलात ते कुठून आलं? खाली बसा."

तो बसला. बायकोने धाकटीची बाजू घेतली या धक्क्यानेच बहुधा.

मग आई बोलल्या. "धाकटे, वाच."

"आई, कशाला?" थोरला म्हणाला. "राहू दे ना. आपण बोलू नंतर."

"मी तुला नाही सांगितलं. तुला ऐकायचं नसेल तर वर जाऊन बस. वाच गं. त्याने लिहिलंय तसं वाच."

धाकटीने ते दोन फर्मे हातात घेतले आणि वाचायला लागली. तिला अण्णांसारखं वाचता येत नव्हतं. ती घाईने वाचायची आणि श्वास भलत्याच ठिकाणी घ्यायची. पण जरा वेळाने घाई गेली. पाण्यातून चालताना चाल आपोआप मंदावते तशी. गाडीत झोपलेल्या मुलांच्या पायाला पाणी लागलं आणि त्यांनी डोळे उघडले. सगळीकडे ऊन होतं. बैल छातीभर पाण्यात नाकं वर काढून चालत होते आणि वाटाड्या सगळ्यांच्या पुढे होता, दोर खांद्यावर, कपडे छातीपर्यंत भिजलेले. पलीकडच्या काठावर येऊन त्याने खिशातली काडेपेटी काढली, तिच्यातलं पाणी ओतून टाकलं, आणि वाळेल उन्हात, असं म्हणून ती परत खिशात ठेवली.

"भिजली होती," शिंपी स्वतःशीच पुटपुटला. "आकाशात ढग आले तर वाळणार कशी? लिहिलंय की त्याने कारण."

"श्श," नर्सबाई म्हणाल्या.

खिडकीला धुकं टेकलेलं होतं आणि आता खोलीत कुणी खोकतही नव्हतं. धाकटीला वाटलं, आपण घरात नाही, त्या गाड्यांच्या मागून कुठेतरी चाललोय आणि पुढे कोण आहे ते दिसत नाहीये. डोंगर आला. बर्फ आलं. वाटाड्याने एक काडी घासली, मग दुसरी. मग तो हसला, काडेपेटी बर्फावर ठेवली आणि शेजारी आडवा झाला, दिवसभर चालून आलेला माणूस होतो तसा. ही पानं तिने कितीदा ऐकली होती, पण तेव्हा पुढे नदी आहे हे ठाऊक असायचं. आता पुढे नदी नव्हती. ती मागे राहिली होती.

तिने पान उलटलं. पुढचा फर्मा थोरलीने काढून ठेवला होता, तो तिने धाकटीच्या हातात दिला.

"'बर्फावर डोकं टेकून त्याने डोळे मिटले ते,'" धाकटीने वाचलं, आणि आईंकडे पाहिलं. आई वाट पाहत होत्या. "'पुन्हा उघडले नाहीत.'"

ती थांबली. शेंडेफळ रडायला लागली होती आणि इंजिनियर अपराध्यासारखा तिच्याकडे बघत होता.

"काड्या भिजल्या होत्या," आई म्हणाल्या.

"हो, आई."

"मी म्हणत होते, इतका जाणता माणूस. इतकी माणसं मागे आहेत. असा कसा निजेल तिथे." त्यांनी शालीची कड चाचपून पाहिली. "जमलं असतं तर उठला असता तो. त्याच्या हातात नव्हतं ते."

धाकटीने खाली बसून फर्मे मांडीवर ठेवले.

"ह्यांच्या हातून चूक झाली," त्या म्हणाल्या. "झाली तर झाली. मला फार आवडायची ती. ते वाचायचे ना, बर्फापाशी आले की माझ्याकडे बघायचे आणि मग नदी वाचायचे. मला वाटायचं, माझ्यासाठीच वाचतायत." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त त्यात ओल आली होती. "तू बरोबर शिव, धाकटे. आकडे घालता आले तर घाल. पेन्सिलीने घाल, लहान."

"घालते, आई."

"ते गेले रे," आई म्हणाल्या. थोरल्याकडे तोंड करून, त्यालाच सांगितल्यासारखं, जणू त्याला अजून कुणी कळवलंच नव्हतं. आणि मग त्या रडल्या. सबंध वर्षाचं रडल्या, वाचकांसमोर, तोंडावर शाल न घेता. थोरली त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि त्यांचे पाय धरून राहिली. नर्सबाई उठल्या आणि पाणी घेऊन आल्या. मास्तर चष्मा पुसत राहिले. धाकटीच्या मांडीवरचे फर्मे ओले होऊ नयेत म्हणून इंजिनियरने ते हळूच उचलून टेबलावर ठेवले, आणि आल्यापासून पहिल्यांदाच तो योग्य जागी होता.

बऱ्याच वेळाने आईंनी नाक पुसलं. "त्यांचा तो जाड कोट कपाटात तसाच लटकतोय," त्या थोरल्याला म्हणाल्या. "त्याला कसर लागेल. तू घाल. थंडी आहे."

"मला तो मोठा होईल, आई," थोरला म्हणाला. "बाह्या लांब आहेत त्यांच्या."

"बाह्या मी करून देतो," शिंपी म्हणाला. त्याने गळ्यातली टेप काढली आणि खुर्च्यांमधून वाट काढत तो पुढे आला. "उभे राहा."

थोरला उभा राहिला आणि त्याने हात लांब केला.